आईनं पाहिलेलं पॅरिस

मी पॅरिसला कधी गेलेले नाही, पण पॅरिसमधला एक दिवस मला तोंडपाठ आहे. सकाळी साडेआठला हॉटेलवर नाश्ता. मग बस. आधी अत्तरांचं म्युझियम, मग आयफेल टॉवर, लिफ्टनं दुसऱ्या मजल्यापर्यंत. मग जेवण, मग नदीतली बोट, मग ती मोठी कमान, आणि परत. गेली आठ वर्षं आई हा दिवस मला सांगत आली आहे. बाबा होते तोवर दोघं मिळून सांगायचे. आईनं बोट आधी घेतली की बाबा म्हणायचे, "अगं, बोट जेवणानंतर," आणि आई जीभ चावून पुन्हा टॉवरपासून सुरू करायची.

त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा मीच त्यांना हौसेनं युरोपच्या टूरवर पाठवलं होतं. पुण्याची टूर कंपनी, सगळी मराठी माणसं, जेवायला वरण-भात आणि बसमध्ये अंताक्षरी. मी तेव्हाही इथेच होते, टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला. रोज मी त्यांना फोन करायचे आणि ऑफिसमधल्या सगळ्यांना सांगत सुटायचे की माझे आई-बाबा आज स्वित्झर्लंडला आहेत, उद्या पॅरिसला.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, झोपेतच, हार्ट अटॅकनं. मी पुण्याला गेले, तेरावं झालं आणि येताना आईला बरोबर घेऊन आले. तिचं ग्रीन कार्ड मी आधीच करून ठेवलं होतं. माझ्या डोक्यात सगळं पक्कं होतं : आई आता इथेच राहणार. आईच्या डोक्यात तसं काही नव्हतं हे मला फार उशिरा कळलं.

यंदाच्या उन्हाळ्यात तिनं एकच धोशा लावला. मला पुण्याला जायचंय. भेटायला नाही, राहायला. आमच्या फ्लॅटवर, एकटी.

"एकटी कशी राहशील?" मी म्हणायचे.

"राहतात तशी."

"आणि ग्रीन कार्ड?"

"त्याचं काय व्हायचं ते होवो."

रोज नाश्त्याला हे भांडण. माझा नवरा अशा वेळी गराज झाडायला निघून जातो. आमचं गराज गावातलं सगळ्यात स्वच्छ गराज असेल. शेवटी मी हात टेकले आणि ऑक्टोबरचं तिकीट बुक केलं, पण कॅन्सल करता येईल असं. माझा स्वभावच तो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि मुलगी म्हणते की घरी आल्यावर मी तेच काम फुकट करते.

इथल्या मराठी मंडळातले ज्येष्ठ महिन्यातून एका शनिवारी लायब्ररीच्या खोलीत जमतात. चहा होतो, कुणीतरी आपल्या प्रवासाबद्दल वीस मिनिटं बोलतं, मागे फोटो दाखवतात. सप्टेंबरच्या शनिवारसाठी मंडळाच्या काकूंनी आईला विचारलं. आई म्हणाली, "मी नको हो, मला काही बोलता येत नाही." मी मागे उभी होते. मीच म्हटलं, "बोलेल की. पॅरिसवर बोलेल. तिला पाठ आहे." आईनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, लाजली.

स्लाइड्स करायला मी बाबांचा जुना फोन चार्ज केला. टूरचे फोटो सापडले. रोममध्ये दोघं ताठ उभे, व्हेनिसमध्ये दोघं ताठ उभे, बर्फात आईचा स्वेटर आणि त्यावर मंगळसूत्र. पॅरिसचेही पंचवीसेक फोटो होते. टॉवर, बोट, कमान. पण एकाही फोटोत आई नाही आणि बाबाही नाहीत. मी दोनदा पाहिलं.

"आई, तुमचा दोघांचा एकही फोटो कसा नाही?"

"असेल की. नीट बघ."

"नाहीये. आणि हे बघ, टॉवरवर दिवे लागलेत. तू तर म्हणतेस सकाळी गेलो होतो."

आई चष्मा पुसायला लागली. "सकाळीच गेलो होतो. म्युझियम झालं की टॉवर."

"मग हे दिवे?"

"तिकडे सकाळीही लावत असतील."

मी पुढचा फोटो लावला. बोटीवर टूरमधली माणसं रेनकोट घालून कुडकुडत उभी होती. आई आठ वर्षं सांगत आली होती की बोटीत बसलो तेव्हा काय सुंदर ऊन पडलं होतं. मी तसं म्हटल्यावर ती त्या फोटोकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "त्या बाईनं साबण दिला म्हणून बरं."

"कुठल्या बाईनं? बोटीत साबण?"

"कसला साबण?" आई म्हणाली. "मी कुठे काय म्हटलं?"

माझ्या मनात तेव्हा पाल चुकचुकली. माझी आई जिल्हा परिषदेच्या ऑफिसात तीस वर्षं आवक-जावक सांभाळत होती. कुठलं पत्र कुठल्या तारखेला कुणाच्या टेबलावर गेलं ते रजिस्टर न उघडता सांगायची. पुढचा आठवडाभर मी तिला फिरवून फिरवून विचारलं. लिफ्ट कशी होती? जेवायला काय होतं? म्युझियममध्ये काय पाहिलं? ती फक्त क्रम सांगायची, शब्दही तेच, आणि त्यापुढचं विचारलं की भलतंच काहीतरी. एकदा म्हणाली, बाबांना फार थंडी वाजत होती. एकदा म्हणाली, तिथल्या खुर्च्या केशरी होत्या. कुठल्या खुर्च्या विचारलं तर उठून देवाजवळ दिवा लावायला गेली, भर दुपारी. मला काही कळेना. मी चिडायचे, मग चिडले म्हणून मला वाईट वाटायचं, मग पुन्हा तेच विचारायचे.

मी लॅपटॉपवर एक यादीच केली. आई काय म्हणते आणि फोटोत काय दिसतं. सात गोष्टी जुळत नव्हत्या. ती यादी घेऊन मी तिला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर एक शांत, वयस्कर अमेरिकन बाई होत्या. त्यांनी आईला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. आईनं घड्याळ इतकं सुबक काढलं की काटेसुद्धा लहान-मोठे होते. पाचही शब्द तिनं परत म्हणून दाखवले. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी माझी यादी पुढे केली आणि सांगितलं की आठवणी गडबडताहेत, न घडलेल्या गोष्टी सांगते, आणि ही आता भारतात एकटी राहायचं म्हणते आहे.

डॉक्टरांनी आईला हळू, सोप्या इंग्रजीत विचारलं, टॉवरवर तुम्ही सकाळी गेलात की संध्याकाळी? कोण कोण होतं?

आईनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला इंग्रजी कळलं नसेल म्हणून मी मराठीत सांगायला लागले, तर तिनं हातानं मला थांबवलं आणि स्वतःच इंग्रजीत म्हणाली, मला नीट आठवत नाही.

मी जन्मात तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या की टेस्ट चांगली आहे, पण घरच्यांना असा फरक जाणवत असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, तोवर एकटं राहणं टाळलेलं बरं. गाडीत बसल्यावर मी आईला म्हटलं, "तिकीट कॅन्सल करते आहे." मला वाटलं आता भांडेल. ती सीट बेल्ट लावत म्हणाली, "बरं." घरी पोचायच्या आत मी फोनवर ते कॅन्सल करून टाकलं, एका सिग्नलला थांबलेलो असताना. मला हवं होतं ते झालं होतं, तरी संध्याकाळभर मला बरं वाटलं नाही.

पण शनिवारचा कार्यक्रम तर तोंडावर आला होता. मी मंडळाच्या काकूंना 'नाही' असं कळवणार होते, पण आईच म्हणाली, "नाव दिलंय ना, मग बोलते." चारचौघांत ती अडखळली तर? आमच्या मंडळात एक माणूस जरासा अडखळला तर संध्याकाळपर्यंत शेजारच्या प्लेनो गावापर्यंत बातमी जाते. मी ठरवलं की त्या दिवशी खरं काय काय झालं ते शोधून काढायचं आणि तिच्याकडून नीट पाठ करून घ्यायचं. बाबांच्या फोनमध्ये टूरमधल्या एका काकूंचा नंबर होता, सांगलीच्या. मी ऑफिसला जाण्याआधी त्यांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

त्यांना माझी ओळख पटली, बाबांचं ऐकून त्या हळहळल्या. मग मी विचारलं, पॅरिसला टॉवर सकाळी पाहिला की संध्याकाळी?

"संध्याकाळी. सकाळी गर्दी फार होती म्हणून टूर मॅनेजरनं पुढे ढकललं. सगळा प्रोग्रॅम उलटापालटा झाला त्या दिवशी. पाऊस तर काय विचारू नकोस."

"मग आई असं का सांगते की..."

"तुझी आई? अगं, ते दोघं कुठे होते आमच्याबरोबर त्या दिवशी?"

त्याच पुढे म्हणाल्या, "तुला माहीत नाही होय? अत्तराच्या म्युझियमपाशी, म्हणजे दुकानच ते, उतरले ते उतरले, संध्याकाळी परत बसमध्ये आले. दुसऱ्या दिवशी तुझ्या बाबांनी आमच्याकडून फोटो मागून घेतले. शक्यतो माणसं नसलेले द्या म्हणाले." मग त्या कुकर बंद करून आल्या. "आईलाच विचार बाई. मी सांगायची गोष्ट नाही ती."

मी त्या दिवशी ऑफिसला गेले नाही. खाली आले तर आई किचनमध्ये मेथी निवडत बसली होती. घरात आम्ही दोघीच होतो. जिन्यावरून उतरताना माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं. भांडले होते का? हरवले होते का? कुणाला भेटायला गेले होते का, मला न सांगता?

मी समोर बसले आणि म्हटलं, "सांगलीच्या काकूंशी बोलले मी. तुम्ही पॅरिस पाहिलंच नाहीत."

आईनं हातातली जुडी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली आणि पानं खुडत खुडत सांगितलं.

हॉटेल शहराबाहेर दूर होतं. सकाळी ट्रॅफिकमध्ये बस दीड तास अडकली. बाबांना आवरलं नाही. सीटवरच झालं. कुणाला कळायच्या आत आईनं त्यांच्या मांडीवर आपली शाल टाकली. अत्तराच्या दुकानाशी सगळे उतरले, तेव्हा मॅनेजरला तिनं हळूच सांगितलं. भला माणूस होता तो. टॅक्सी करून देतो, हॉटेलवर जा म्हणाला. बाबा टॅक्सीत बसायला तयार होईनात, परक्याची सीट खराब होईल म्हणून. मग त्यानं कागदावर लिहून दिलं, पाच वाजता इथेच उभे राहा, बस येईल.

"दोन दुकानं सोडून कपडे धुवायचं दुकान होतं," आई म्हणाली. "नुसती मशीनं लावलेली, माणूस कुणी नाही. हे शाल गुंडाळून बसले, लुंगीसारखी. मला ते मशीन काही चालू होईना. एक बाई आली धुणं घेऊन, चांगली उंच, काळीसावळी. तिनं एक अक्षर न विचारता साबण दिला, बटणं दाबून दिली. यांच्याकडे तिनं एकदाही मान वळवून बघितलं नाही."

"कपडे वाळल्यावर का नाही गेलात कुठे?"

"पुन्हा होईल म्हणून घाबरले होते. समोरच्या हॉटेलात बाथरूम होतं, तेवढ्यापुरतं मी त्यांना धरून न्यायचे आणि परत आणायचे. पाच वाजेपर्यंत तिथेच होतो."

"एवढा वेळ काय केलंत?"

आई पहिल्यांदा हसली. "यांनी खिशातून टूरचं छापील पत्रक काढलं आणि माझ्याकडून पाठ करून घेतलं. म्हणाले, लेक रात्री फोन करेल, दोघांचं सारखं यायला हवं. आधी म्युझियम, मग टॉवर, मग जेवण. माझं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. नंतर नंतर आम्हालाच हसू यायला लागलं. त्यांना काय माहीत, तिकडे त्या मॅनेजरनं सगळा क्रमच बदललाय ते."

संध्याकाळी बस त्यांना घेऊन टॉवरपाशी गेली. सगळे उतरले, हे दोघं बसमध्येच थांबले. बसच्या काचेतून टॉवरचे फक्त खालचे पाय दिसत होते, असं आई म्हणाली.

मला हसू येत नव्हतं. मला संताप आला होता, आणि तो मी लपवला नाही. त्या ट्रिपनंतर दीड वर्षानं बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की यांनी फार दिवस अंगावर काढलंय. मी आईवर ओरडले. दीड वर्ष! मला का नाही सांगितलंत? मी रोज फोन करत होते. मी तेव्हाच डॉक्टरला दाखवायला लावलं असतं. मी काय परकी होते?

"म्हणूनच नाही सांगितलं," आई म्हणाली. "तुला कळलं असतं तर तू त्यांच्याकडे आजारी माणसासारखं बघितलं असतंस. त्यांना ते नको होतं. तू एवढ्या हौसेनं पाठवलेलं, तुझा हिरमोड होईल ही त्यांना दुसरी काळजी. माझ्याकडून वचन घेतलं त्यांनी."

"आणि डॉक्टरसमोर? तिथे तरी बोलायचंस. तुझं तिकीट गेलं, आई. मी तुला वेडी ठरवून आले, तू बरं म्हणालीस?"

आईनं मेथीच्या काड्या गोळा केल्या, ओटा पुसून घेतला. मग माझ्याकडे वळली.

"काय करायला हवं होतं मी? त्या परक्या बाईसमोर, गेलेल्या माणसाची पॅन्ट ओली झाली होती म्हणून सांगायचं? तू मला विसरभोळी म्हणालीस, म्हण. मी जिवंत आहे, माझं मी बघून घेईन. त्यांना आता स्वतःची बाजू सांगता येणार नाही."

मी ओट्याशी उभी राहून रडले. आईनं मला जवळ घेतलं नाही, कारण तिचे हात मेथीचे होते. ती नुसती शेजारी उभी राहिली.

दुपारी मी डॉक्टरांना कळवलं की मी दिलेली माहिती चुकीची होती, आईची स्मरणशक्ती अगदी ठीक आहे, गोंधळ माझा झाला होता. त्यांनी फोन करून खोदून खोदून विचारलं, नेमकं काय चुकीचं होतं. घरगुती गोष्ट आहे, एवढंच मी सांगितलं. त्या समजूतदार होत्या. घड्याळ तर तिनं उत्तमच काढलं होतं, म्हणाल्या. मग मी तिकीट पुन्हा बुक केलं, ऑक्टोबरचंच, या वेळी कॅन्सल न करता येणारं. आईला दाखवलं तर तिनं तारीख वाचली आणि म्हणाली, "दिवाळीच्या आत पोचते म्हणजे."

शनिवारी लायब्ररीच्या खोलीत तीसेक माणसं होती. मी लॅपटॉपपाशी बसले. मी तिला विचारलं होतं की दुसऱ्या कशावर बोलतेस का, रोमवर बोल. ती म्हणाली होती, "नाही. पॅरिसच. ते आमचं झालेलं आहे." आणि ती बोलली. नाश्ता, बस, अत्तरांचं म्युझियम, टॉवर, जेवण, बोट, कमान. दिवे लागलेला टॉवर आणि रेनकोटवाले फोटो मी काढून टाकले होते. एकदाही अडखळली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग नागपूरचे एक काका उठले, मुलाकडे आलेले, सगळ्यांना काहीतरी विचारणारे. "ताई, ते सगळं ठीक, पण टॉवरच्या वर गेल्यावर दिसतं काय काय? आम्ही पुढच्या वर्षी जातो आहोत."

आई गप्प झाली. पत्रकात ते नव्हतं. तिनं माइक दुसऱ्या हातात घेतला, खाली बघितलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या काकू शेजारणीच्या कानाशी लागल्या आणि म्हणाल्या, "होतं हो असं, या वयात विसरायला." मला ते स्पष्ट ऐकू आलं.

मी उभी राहिले. काय बोलणार आहे ते मला माहीत नव्हतं.

"बाबांनी मला फोनवर सांगितलं होतं," मी म्हटलं. "वर इतका वारा होता की कुठे काय आहे ते बघायला त्यांना सुचलंच नाही. बाबा घाबरले होते. आईनं त्यांचा हात धरून ठेवला होता."

लोक हसले, काकाही हसले. आईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"हो," ती माइकमध्ये म्हणाली. "दिवसभर धरून होते."